मदत हवी आहे: एकाच सर्व्हरवर सगळ्यांना सारखा वाटा कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागात एकच मोठा सर्व्हर आहे: ६४ कोअर, २५६ जीबी रॅम, उबुंटू २२.०४. एम.एस्सी.ची मुलं, पीएच.डी.वाले, सगळे त्याच्यावरच. सांभाळायचं काम माझ्याकडे.

दुपारी कुणीतरी पायथॉनचं मोठं काम लावतं आणि बाकीच्यांना लॉगिन व्हायलाही वेळ लागतो. पाहिलं तर मल्टिप्रोसेसिंगने (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारं पायथॉनचं मॉड्यूल) ६४ प्रोसेस उघडलेल्या आणि प्रत्येकीच्या आत नमपायच्या (आकडेमोडीची लायब्ररी) ओपनब्लासचे (तिच्या आतला गणिताचा भाग) पुन्हा ६४ थ्रेड (समांतर चालणारे उपभाग)! 'ओएमपी नम थ्रेड्स' (थ्रेडची संख्या ठरवणारं सेटिंग) १ ठेवा असं सांगतो. जे ठेवतात त्यांचं काम उलट लवकर संपतं. पण दर सत्राला नवी मुलं येतात, नुसत्या सांगण्यावर किती विसंबायचं?

मेमरीचं जास्त जिव्हारी लागतं. रॅम संपली की कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा) ओओएम किलर सहसा सगळ्यात जास्त मेमरी धरलेली प्रोसेस मारतो. त्यात एका मुलीचं कित्येक दिवस चाललेलं सिम्युलेशन गेलं. रॅम खाणारा दुसराच होता, पण त्याच्या प्रोसेस लहान-लहान आणि पुष्कळ. युलिमिटची (मर्यादा लावायची लिनक्सची आज्ञा) मेमरी मर्यादाही एकेका प्रोसेसपुरतीच, म्हणजे तिथूनही तो सुटतो.

सीपीयूकोटा (सीपीयू वापराची पक्की कमाल मर्यादा) लावून प्रत्येकाला ८ कोअर द्या, असं एक जण म्हणाले. मला पटत नाही. रात्री सर्व्हर मोकळा असताना प्रबंध लिहिणाऱ्याला सगळे ६४ मिळायलाच हवेत. स्लर्म (कामं रांगेत लावणारी प्रणाली) सध्या शक्य नाही. सिस्टमडीतून (लिनक्सच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) काही जमेल का?

प्रतिसाद:
जमेल. २२.०४ वर सीग्रुपची (प्रोसेसच्या गटांना सीपीयू-मेमरी वाटून देणारी कर्नलची सोय) दुसरी आवृत्ती मुळातच चालू असते आणि प्रत्येक युजरची स्लाइस (त्याच्या सगळ्या प्रोसेसचा गट) वेगळी असते. त्या सगळ्या स्लाइसना मिळून एकच ड्रॉप-इन फाइल (मूळ सेटिंगला जोड देणारी छोटी फाइल) करा. त्यात सीपीयूवेट (सीपीयूच्या वाट्याचं वजन) १०० लिहा. ओढाताण असेल तेव्हाच समान वाटणी होते, एरवी एकट्याला सगळे कोअर. कोटा नकोच.

मेमरीला मात्र मर्यादाच हवी. मेमरीहाय ४८ जीबी, मेमरीमॅक्स ६४ असं सुरू करा. हायच्या वर गेलं की काम मंदावतं. मॅक्सला अडलं की त्याच युजरची प्रोसेस मरते, शेजाऱ्याची नाही. कुणाला खरंच जास्त लागली तर सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टीने (सिस्टमडीची आज्ञा) काम चालू असतानाही वाढवता येते.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरू देता का? त्याचे कंटेनर सिस्टम स्लाइसमध्ये (सिस्टमच्या सेवांच्या गटात) जातात, तिथे ही मर्यादा लागू होत नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार, आजच लावतो. डॉकर दोघं वापरतात. त्यांना रूटलेस पॉडमनवर (ॲडमिन हक्कांशिवाय चालणारं डॉकरसारखं साधन) आणायचं तर जीपीयूची (ग्राफिक्स कार्डाची) जोडणी कुणी केली आहे का?