सर्व्हरवर लिनक्स, टेबलावर विंडोज: असं का झालं, आणि ५० संगणकांच्या कार्यालयाने काय करावं?

निळी_शाई (प्रश्न)

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. कार्यालयात ५० डेस्कटॉप आहेत. त्यातले ३० इंटेलच्या सातव्या पिढीचे किंवा त्याहून जुने, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेरचे. उरलेल्या २० वर विंडोज ११ चालेल. जुनी यंत्रंही धडधाकट आहेत: ८ जीबी रॅम, एसएसडी. काम म्हणजे ब्राउझर, ईमेल, वर्ड-एक्सेल, छपाई, स्कॅनिंग, हिशोबाचं एक विंडोज सॉफ्टवेअर आणि यूएसबी टोकनने डिजिटल सही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सर्व्हर, सुपरकॉम्प्युटर आणि (अँड्रॉइडच्या रूपाने) फोन लिनक्सने काबीज केले, मग डेस्कटॉप का नाही? कारण नीट कळलं तर आपण कुठे अडू तेही आधीच दिसेल. आणि ही ३० यंत्रं लिनक्सवर न्यायची तर क्रम काय ठेवावा? 'उबुंटू टाका, सगळं चालतं' असं उत्तर नको आहे (उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक तयार संच, अर्थात वितरण).

---

जुनी_डिस्क

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

ही स्पर्धा ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंगच्या गुणांवर फारशी ठरलीच नाही. यंत्र विकत घेताना त्यावर आधीपासून काय बसवलेलं असतं, ड्रायव्हर कोण लिहितं आणि लोकांच्या फायली कोणत्या स्वरूपात अडकल्या आहेत, यावर ती ठरली.

सर्व्हरवर लिनक्सने आधी जागा घेतली ती विंडोजची नव्हे, तर सोलारिस, एआयएक्स, एचपी-यूएक्स अशा महागड्या व्यावसायिक युनिक्स प्रणालींची (लिनक्स युनिक्सच्याच धर्तीवर बनलं आहे). त्या यंत्रांवरचे प्रोग्रॅम थोडेफार बदल करून लिनक्सवर पुन्हा कंपाइल करता येत होते आणि साध्या इंटेल हार्डवेअरवर चालत होते. विकत घेणारा माणूस स्वतः तंत्रज्ञ होता, रिकाम्या यंत्रावर प्रणाली बसवणं हे त्याचं रोजचंच काम. बीएसडी (युनिक्समधूनच निघालेली दुसरी मुक्त प्रणाली) त्या काळी अधिक परिपक्व होतं, पण १९९२ मध्ये सुरू झालेला एटी अँड टीच्या युनिक्स शाखेचा खटला १९९४ च्या सुरुवातीला मिटेपर्यंत त्यावर कायद्याची टांगती तलवार होती. नेमक्या त्याच काळात लिनक्स वाढलं.

परवान्याचाही मोठा वाटा आहे. लिनक्स १९९२ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं. सुधारलेला कर्नल (प्रणालीचा गाभा) कुणाला दिला की त्याला बदलांचा सोर्स कोडही द्यावा लागतो, म्हणून आपण घातलेला पैसा प्रतिस्पर्धी बंद पेटीत घालून विकेल ही भीती आयबीएमसारख्या कंपनीला राहिली नाही. २००१ साली लिनक्ससाठी एक अब्ज डॉलर खर्च करण्याचं तिने जाहीर केलं त्यामागे हे गणित होतं. नोव्हेंबर २०१७ च्या टॉप ५०० यादीपासून तर पाचशेच्या पाचशे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर आहेत.

डेस्कटॉपवर फासे उलटे पडले. १९९४ च्या समझोत्यापर्यंत मायक्रोसॉफ्ट संगणक बनवणाऱ्यांशी 'प्रत्येक प्रोसेसरमागे शुल्क' असे करार करत असे. यंत्रावर दुसरी प्रणाली घातली तरी पैसे मायक्रोसॉफ्टला जायचेच, मग दुसरी घालायची कशाला? ती पद्धत बंद झाली तोवर सॉफ्टवेअर लिहिणारे सगळे विंडोजसाठीच लिहू लागले होते. २००७ च्या सुमारास छोटी नेटबुकं लिनक्ससह बाजारात आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीची विक्री खास अशा स्वस्त यंत्रांसाठी लांबवली आणि ती फट बुजवली.

एक कारण मात्र लिनक्सचं स्वतःचं आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. कर्नलच्या आतला ड्रायव्हरचा इंटरफेस जाणूनबुजून स्थिर ठेवलेला नाही. ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य सोर्समध्ये आणा, मग तो आम्ही सांभाळू, असं धोरण आहे. ज्यांचे ड्रायव्हर आत आले त्यांचं हार्डवेअर वर्षानुवर्षं काही न करता चालतं. ज्या कंपनीने बंद ड्रायव्हर एकदा बनवून वेबसाइटवर ठेवला, तो पुढच्या एखाद्या कर्नलवर मोडतो. तुमच्या ३० यंत्रांसाठी याचा अर्थ असा की जुनं, सर्वसाधारण हार्डवेअर ही अडचण नसून सोय आहे. कोनाड्यातला एखादा विचित्र स्कॅनर ही अडचण आहे.

---

मूळ_डिरेक्टरी

क्रमाबद्दल: आधी ॲप्लिकेशन बदला, ऑपरेटिंग सिस्टिम शेवटी. फ्रान्सच्या जाँदार्मरीने (लष्करी पोलीस दलाने) असंच केलं. आधी विंडोजवरच ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि २००८ पासून उबुंटू. लोकांच्या हाताला प्रोग्रॅम आधीच ओळखीचे होते, खालची जमीन बदलली ती फारशी जाणवली नाही. म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार डेस्कटॉप लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. तिथल्या तक्रारींत बाहेरच्यांशी फायलींची देवाणघेवाण आणि विभागाविभागांत विखुरलेली संगणक व्यवस्था हे विषय पुन्हा पुन्हा येतात. कर्नलवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

तेव्हा सर्व ५० यंत्रांवर, विंडोजवरच राहणाऱ्यांसकट, आधी लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलला मुक्त पर्याय, ओपनऑफिसमधूनच निघालेला) बसवा आणि किमान एक महिनाअखेर त्यावर जाऊ द्या. जे मोडायचं ते इथेच मोडेल, आणि परतीची वाट एका क्लिकवर असेल.

मग लाइव्ह यूएसबी, म्हणजे डिस्कवर काही न बसवता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणं. मिंट या वितरणाची फाइल ३ जीबीच्या आसपास, उबुंटू २४.०४ ची त्याच्या दुप्पट, म्हणून ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. फाइल उतरवल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा संकेत) जुळवून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते आणि दोष हार्डवेअरला दिला जातो. यंत्रांच्या प्रत्येक मॉडेलपैकी एक घ्या आणि लाइव्ह स्थितीतच वायफाय, आवाज, दोन मॉनिटर, प्रिंटर, स्कॅनर, टोकन आणि विशेषतः झोपवून जागं करणं तपासा. ब्रॉडकॉमची काही वायफाय कार्डं वेगळा ड्रायव्हर घातल्याशिवाय दिसत नाहीत. तो उतरवायला नेट लागतं, म्हणून लॅनची केबल जवळ असू द्या.

हमखास अडण्याच्या दोन जागा:

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये स्टोरेज 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' वर असतं, ते 'एएचसीआय' करा. पण त्याच डिस्कवरचं विंडोज अजून हवं असेल तर आधी त्याला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावा आणि मग बायोसचा बदल करा. नाहीतर विंडोज बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून निळ्या पडद्यावर थांबतं.

सिक्युअर बूट (सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो बहुधा अनावश्यक आहे. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा यांचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने सही केलेला असतो. प्रश्न येतो एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स घातल्यावर. इन्स्टॉल करताना तुम्हाला एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' (तुमची किल्ली यंत्रावर नोंदवायची का) विचारतात. तिथे काही सेकंदांत कळ दाबली नाही तर यंत्र पुढे निघून जातं, मॉड्यूल लोड होत नाही आणि ड्रायव्हर खराब आहे असा समज होतो. किल्लीची नोंदणी पुन्हा करता येते, प्रणाली पुन्हा बसवायची गरज नाही.

प्रिंटर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर ही छपाईची मानकं जाणत असेल तर ड्रायव्हर लागतच नाही, कप्स ही लिनक्सची छपाई सेवा त्याला स्वतः शोधते. स्कॅनरला तसंच ईएससीएल. फक्त विंडोजच्या ड्रायव्हरवर जगणारे स्वस्त लेझर प्रिंटर आधी वेगळे काढा, त्रास तिथेच होतो.

---

सही_पडताळणी

तुमच्या यादीतल्या सर्वांत अवघड दोन गोष्टींवर अजून कुणी बोललं नाही.

टोकन: यात दोन थर असतात. खालचा थर, म्हणजे टोकन वाचणं, पीसीएससी सेवा करते आणि तो बहुधा चालतो. वरच्या थराला टोकन बनवणाऱ्याने दिलेली लिनक्ससाठीची पीकेसीएस-११ लायब्ररी लागते. ती फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी डिव्हायसेस' खाली जोडायची. एवढं जमलं तरी संपलं असं समजू नका. सही घेणाऱ्या बऱ्याच वेबसाइटना पार्श्वभूमीला चालणारा त्यांचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लागतो, आणि तो फक्त विंडोजसाठी दिलेला असला तर टोकन दिसत असूनही सही होत नाही. म्हणून चाचणी टोकनच्या प्रमाणपत्राची नको, प्रत्यक्ष त्या वेबसाइटवर एक सही पूर्ण करून पाहा.

हिशोबाचं सॉफ्टवेअर वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) उघडलं म्हणून त्यावर विसंबू नका. खिडकी उघडते, पण परवान्याचा डोंगल, डेटाबेसचा ड्रायव्हर किंवा अहवालाची छपाई अडते, आणि बनवणारी कंपनी वाइनवरच्या तक्रारी सहसा घेत नाही. ते विंडोज ११ च्या २० पैकी काही यंत्रांवरच ठेवा. लिनक्सवरून रेमिना या प्रोग्रॅमने दूरस्थ जोडणी करता येते, पण विंडोज प्रो एका वेळी एकच माणूस आत घेतं. एकाच यंत्रावर अनेकांना बसवायचं तर विंडोज सर्व्हर आणि माणशी किंवा यंत्रामागे आरडीएस (दूरस्थ डेस्कटॉप सेवा) परवाने लागतात. हा खर्च सुरुवातीलाच हिशोबात धरा.

जुनी_डिस्क यांच्या परवान्याच्या मुद्द्याला एक जोड देतो. मुक्त परवाना सोर्सची हमी देतो, एखाद्या वितरणाच्या आयुष्याची नाही. सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस ८ या वितरणाला २०२९ पर्यंत अपडेट मिळणं अपेक्षित होतं. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणली. सोर्स खुला होता म्हणून रॉकी आणि अल्मा ही पर्यायी वितरणं उभी राहू शकली, हे खरंच मोठं आहे, पण हजारो सर्व्हर हलवण्याचं काम कुणाला चुकलं नाही. तेव्हा वितरण निवडताना मुदत आणि तिच्यामागे कोण आहे हे दोन्ही पाहा. उबुंटू एलटीएसला (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला) ५ वर्षं. डेबियनला ३ वर्षं पूर्ण आणि पुढे २ वर्षं एलटीएस गटाकडून. मिंट २२ ला २०२९ पर्यंत. विंडोज ११ प्रोच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिने. विंडोज १० च्या विस्तारित अपडेट्स संस्थांना जास्तीत जास्त तीन वर्षं विकत मिळतात आणि दर प्रत्येक वर्षी दुप्पट होतो. पहिलं वर्ष चुकवून दुसऱ्या वर्षी घेतलं तरी मागचे पैसे द्यावे लागतात.

---

निळी_शाई

हे कामाचं आहे, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. काही जण बिचकतात, त्यांच्या यंत्रावर दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात का? आणि मॅक्रो असलेल्या एक्सेल फायली व जुन्या देवनागरी फाँटमधला मजकूर यांचं काय करावं?

---

मूळ_डिरेक्टरी

कार्यालयात दोन्ही प्रणाली शेजारी ठेवू नका. जुनं विंडोज १० जिवंत राहतं, म्हणजे ज्या धोक्यासाठी हे सगळं चाललंय तो तसाच राहतो. शिवाय बारीक कटकटी रोज येतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केल्यावरही त्याचा एनटीएफएस भाग अर्धवट उघडा राहतो आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. घड्याळ विंडोज स्थानिक वेळेत ठेवतं, लिनक्स यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), त्यामुळे वेळ पुढेमागे होते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असलेल्या यंत्रावर बूटच्या रचनेला हात लावला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठे जपून ठेवलीय हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं. अपडेटच्या वेळी बूटचा क्रम बदलतो तो आणखी वेगळा.

बिचकणाऱ्यांना विंडोज ११ ची २० यंत्रं द्या. सगळे एकाच दिवशी हलले पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

मॅक्रोचं सांगायचं तर साधे व्हीबीए मॅक्रो, म्हणजे सेलमध्ये आकडे-मजकूर भरणं, क्रम लावणं, लिब्रेऑफिसमध्ये बऱ्याचदा चालतात. ॲक्टिव्हएक्सची बटणं, गुंतागुंतीचे यूजरफॉर्म आणि आउटलुकला हाक मारणारे मॅक्रो चालत नाहीत. अशा फायली मोजा, ज्या रोज लागतात त्या विंडोजवर राहू द्या. वर्डच्या फायलींची पानं सरकतात ती बहुतेक फाँटमुळे. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाऐवजी कॅलाडिया बसवलेत की अक्षरांची रुंदी जुळते आणि ओळी जागेवर राहतात. एकच फाइल कधी ओडीटीत (लिब्रेऑफिसचं स्वरूप), कधी डॉक्सएक्समध्ये (वर्डचं) साठवणं थांबवा. दर फेरीत मांडणी थोडी झिजते. आतल्या कामासाठी ओडीएफ (ओडीटी त्यातलंच) आणि अंतिम प्रत पीडीएफ, किंवा सरसकट डॉक्सएक्स. कोणतंही एक ठरवा, पण सगळ्यांसाठी तेच.

---

सही_पडताळणी

जुन्या फाँटबद्दल: तो मजकूर युनिकोड नसतो. आतमध्ये रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फाँट त्यांवर देवनागरी चित्र चढवतो. तोच फाँट लिनक्सवर बसवला तर बहुधा दिसेल आणि छापलाही जाईल, पण शोधता येणार नाही, आणि टंकनासाठीचा जुना विंडोज प्रोग्रॅम तिथे नसेल. म्हणून रोज बदलणारे नमुने आत्ताच, विंडोज हाताशी असताना, युनिकोडमध्ये रूपांतरित करा. रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी आणि आकडे डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच होतात. नवीन टंकनाला इन्स्क्रिप्ट दोन्हीकडे सारखंच आहे. लिनक्सवर ते कीबोर्डच्या यादीत मिळेल किंवा आयबस या टंकनाच्या साधनातून जोडता येईल.

आणि पुसण्याआधी प्रत्येक यंत्राच्या डिस्कची क्लोनझिला या साधनाने पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) घ्या. त्यातली एक प्रतिमा दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर उतरवून ती खरंच सुरू होते का ते पाहा, मगच पहिल्या पाच यंत्रांना हात लावा. त्या पाचांत हिशोब विभागाचं यंत्र नको. दोन महिनाअखेरी पार पडेपर्यंत प्रतिमा ठेवा. ही यंत्रं विंडोज ८ किंवा १० सह विकत घेतलेली असतील तर परवान्याची किल्ली बहुधा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, त्यामुळे डिस्क पुसली तरी ती जात नाही. सुटा परवाना घेतला असेल तर तो आधी लिहून ठेवा.