ग्रंथालयाच्या कारभारातल्या संज्ञा आणि लघुरूपे : नव्या पदाधिकाऱ्याने सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : कोथरूडकर

नमस्कार. बँकेतून निवृत्त झाल्यानंतर पुण्यातील आमच्या भागातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर माझी कोषाध्यक्ष म्हणून नुकतीच निवड झाली आहे. जमाखर्चाची भाषा मला परकी नाही, परंतु मावळत्या चिटणीसांनी माझ्याकडे सोपवलेल्या फायलींमध्ये असे अनेक शब्द आहेत की वाक्य वाचता येते आणि अर्थ मात्र हाती लागत नाही. आमचे वाचनालय ‘इतर ब’ आहे, त्याचे ‘परिरक्षण अनुदान’ ‘वेतन’ आणि ‘वेतनेतर’ अशा दोन भागांत दाखवायचे आहे, मागील वर्षाचे ‘यूसी’ द्यायचे आहे, ‘आरआरआरएलएफ’कडून आलेले ग्रंथ वेगळे दाखवायचे आहेत, आणि ग्रंथपाल बाई म्हणतात की ‘बोधांक’ घातल्याशिवाय ‘ओपॅक’ सुरू करण्यात अर्थ नाही.

या सर्वांची अकारविल्हे यादी मागण्याऐवजी मी असे विचारतो की, यांपैकी कोणत्या संज्ञा कोषाध्यक्षाने आधी समजून घ्याव्यात आणि कोणत्या ग्रंथपालांवर सोपवून निर्धास्त राहावे? दाखल क्रमांक, बोधांक आणि आयएसबीएन हे तीन क्रमांक एकाच पुस्तकावर कशासाठी लागतात, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर १ : ग्रंथसखी

आपला दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला की निम्मी फाइल आपोआप वाचता येते. मी पुण्यातच सार्वजनिक ग्रंथालयात अनेक वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले आहे आणि नव्या पदाधिकाऱ्यांना मी नेहमी एकाच पुस्तकाच्या मागे शेवटपर्यंत जायला सांगते.

समजा, अप्पा बळवंत चौकातील विक्रेत्याकडून एका मराठी कादंबरीच्या दोन प्रती आपण घेतल्या. पुस्तके बिलाशी ताडून झाली की ती दाखल नोंदवहीत चढतात. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेत्याचे नाव, बिलाचा क्रमांक आणि शेवटी शेरा, असे तिचे रकाने असतात. दोन प्रतींना दोन स्वतंत्र दाखल क्रमांक मिळतात, कारण हा क्रमांक त्या विशिष्ट प्रतीचा, म्हणजे संस्थेच्या मालमत्तेतील एका वस्तूचा असतो. तोच क्रमांक बिलावरही लिहावा लागतो, म्हणजे लेखापरीक्षकाला बिलावरून नोंदवहीत आणि नोंदवहीवरून कपाटापर्यंत जाता येते. आपल्या दृष्टीने ही वही ग्रंथालयातील सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिची पाने क्रमांकित व बांधीव आहेत ना, हे आपण स्वतः एकदा पाहून घ्यावे.

येथे एक बारीक जागा आहे. विक्रेता सूट देतो, त्यामुळे पुस्तकावरची छापील किंमत आणि आपण प्रत्यक्ष दिलेली रक्कम वेगळी असते. नोंदवहीत फक्त छापील किंमत असेल, तर त्या रकान्याची बेरीज खरेदीखात्याशी कधीच जुळत नाही आणि दर वर्षी तोच खुलासा नव्याने लिहावा लागतो. छापील किंमत आणि निव्वळ किंमत असे दोन रकाने ठेवावेत, हा माझा आग्रह आहे.

बोधांक हा पुस्तकाचा कपाटातील पत्ता होय. त्याचा पहिला भाग वर्गांक, तो विषय सांगतो. दुसरा भाग ग्रंथांक, तो बहुधा लेखकाच्या नावावरून ठरतो आणि एकाच विषयाची पुस्तके एकमेकांपासून वेगळी करतो. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती, जिला सारे ‘डीडीसी’ म्हणतात, तीच आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वापरली जाते. तिच्यात मराठी साहित्य ८९१.४६ या वर्गांकाखाली येते आणि मराठी कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३ होतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची १९३३ ची द्विबिंदू पद्धती, म्हणजे ‘सीसी’, अभ्यासक्रमात शिकवली जाते, परंतु सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांवर ती क्वचितच दिसते.

आयएसबीएन यांपैकी कशाचेच काम करत नाही. तो प्रकाशनाचा क्रमांक आहे, ग्रंथालयाचा नव्हे. त्या आवृत्तीच्या साऱ्या प्रतींवर, मग त्या पुण्यात असोत वा नागपुरात, तो एकच असतो. २००७ पासून तो तेरा अंकी झाला. भारतीय पुस्तकांवर ९७८-८१ किंवा ९७८-९३ अशी सुरुवात दिसते. खरेदीची मागणी नोंदवताना आणि संगणकात तयार नोंद शोधताना त्याचा उपयोग होतो, पण जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, म्हणून त्याच्या भरवशावर साठा मोजता येत नाही. आपल्या दोन प्रतींपुरते सांगायचे तर दाखल क्रमांक दोन, बोधांक एक आणि आयएसबीएनही एक.

पुस्तक कपाटात लागले की ते देवघेव विभागाच्या स्वाधीन होते, आणि तेथे आपल्या कामाची संज्ञा एकच आहे, ती म्हणजे अनामत. वर्गणी आणि प्रवेश फी हे उत्पन्न आहे, तर अनामत परत करावयाची असल्यामुळे ती ताळेबंदात देण्यांच्या बाजूला राहते. अनेक वाचनालयांत वाचक न सांगता येणे बंद करतात आणि त्यांच्या अनामती वर्षानुवर्षे पडून राहतात. त्या परस्पर उत्पन्नात वळवणे योग्य नाही. त्यासाठी नियमावलीत तरतूद, सभासदाला सूचना, कार्यकारिणीचा ठराव आणि लेखापरीक्षकाचे मत, एवढे सारे हवे. वाचक सभासद आणि संस्थेचे मतदानाचा अधिकार असलेले सभासद हे दोन वेगळे वर्ग आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. सर्वसाधारण सभेच्या सुमारास या फरकाला फार महत्त्व येते.

उत्तर २ : जुने दप्तर

ग्रंथसखी यांनी पुस्तकाची वाट दाखवली आहे. मी पैशाची वाट सांगतो. माझी नोकरी अनुदानाच्या प्रकरणांची छाननी करण्यात गेली, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या टेबलावरून हे कागद कसे दिसतात ते मला ठाऊक आहे.

सर्वांच्या मुळाशी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ आहे आणि मान्यता व अनुदानाचे तपशील १९७० च्या नियमांत आहेत. तमिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे आपल्याकडे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवलेला नाही. आपल्याकडील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये संस्था चालवतात आणि शासन त्यांना सहायक अनुदान देते. पुण्यातील १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर काय किंवा १९११ मधील पुणे मराठी ग्रंथालय काय, ही सारी लोकांनी उभी केलेली ग्रंथालये आहेत. आपल्या कारभारात कागदपत्रांना एवढे वजन का आहे, याचे कारण या रचनेत आहे: मालक संस्था आहे, आणि हिशेब मात्र शासनालाही द्यायचा आहे.

म्हणून नोंदणी आणि मान्यता यांची गल्लत करू नये. नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे होते आणि तिने संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळते. मान्यता ग्रंथालय संचालनालयाच्या यंत्रणेकडून मिळते आणि तिने ग्रंथालय अनुदानास पात्र ठरते. आपली कार्यकारिणी नुकतीच बदलली असल्याने धर्मादाय कार्यालयात ‘बदल अर्ज’ दाखल झाला आहे का, हे उद्याच विचारा. तो रखडला तर बँकेतील सह्यांपासून पुढे सगळेच अडते, आणि बँकेची बाजू तर आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता.

‘इतर ब’ याचा अर्थ असा की जिल्हा ग्रंथालय आणि तालुका ग्रंथालय सोडून उरलेल्या ‘इतर’ गटात आपण आहात आणि त्यातील अ, ब, क, ड या वर्गांपैकी ब वर्ग आपणास मिळाला आहे. ग्रंथसंख्या, वाचक सभासद, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास आणि सेवकवर्ग यांवर वर्ग ठरतो, आणि वर्गावर अनुदानाची कमाल मर्यादा. ग्रंथपाल, लिपिक, निर्गम सहायक, शिपाई अशी जी पदे आपण पत्रांत वाचता, तीही वर्गानुसारच येतात.

परिरक्षण अनुदान म्हणजे ग्रंथालय चालते ठेवण्यासाठीचे वार्षिक अनुदान. ते दोन हप्त्यांत मिळते, आणि साधारणपणे निम्मी रक्कम वेतनावर व निम्मी वेतनेतर बाबींवर, म्हणजे ग्रंथ, नियतकालिके, भाडे, वीज, बांधणी इत्यादींवर खर्च करावी लागते. वेतनेतर भागातही ग्रंथखरेदीचा वाटा राखायचा असतो. कोषाध्यक्षांनी हे वर्ष संपल्यावर जुळवण्याचा प्रयत्न करू नये. मार्चमध्ये घाईने घेतलेली पुस्तके कशी असतात, हे तपासणीला गेलेला कोणताही अधिकारी कपाट उघडताच ओळखतो.

‘यूसी’ म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. ज्या कारणासाठी रक्कम मिळाली त्याच कारणासाठी ती खर्च झाली, एवढेच ते सांगते, परंतु त्यावरचा आकडा सनदी लेखापालांच्या लेखापरीक्षित विवरणाशी रुपयान् रुपया जुळला पाहिजे. ‘जिग्रंअ’ असे लिहिलेले आढळेल, ते जिल्हा ग्रंथालय अधिकारी. त्यांच्या वरती विभागाचे सहायक ग्रंथालय संचालक आणि मुंबईला ग्रंथालय संचालक. पत्र याच क्रमाने जाते, मधली पायरी वगळली की ते परत येते.

राहिले आरआरआरएलएफ. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ मध्ये स्थापन झाले आणि ते केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. त्याच्या समान निधी योजनांत राज्य आपला हिस्सा घालते आणि प्रतिष्ठान आपला. असमान निधी योजनांत राज्याच्या हिश्शाची अट नसते. प्रतिष्ठानाकडून आलेले ग्रंथ आपण खरेदी केलेले नसल्यामुळे ते दाखल करताना ‘प्राप्तीचा मार्ग’ स्पष्ट लिहावा आणि त्यांची किंमत आपल्या ग्रंथखरेदीच्या खर्चात मिसळू नये. लेखापरीक्षणातील सर्वाधिक शेरे मी याच जागी पाहिले आहेत.

उत्तर ३ : संगणककट्टा

ओपॅक म्हणजे वाचकाला स्वतः शोधता येईल अशी संगणकावरील ग्रंथसूची, ती इंटरनेटवर ठेवली की घरूनही पाहता येते. ती ज्या आज्ञावलीचा भाग असते, तिच्यासाठी दोन नावे आपल्या कानावर पडतील. ‘कोहा’ ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्तस्रोत आज्ञावली आहे आणि ‘ई-ग्रंथालय’ ही आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. ‘सोल’ हे नावही कोणी सुचवील, परंतु ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राने मुख्यत्वे विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यासाठी तयार केली आहे.

ग्रंथपाल बाईंच्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. बोधांक नसला तरी लेखक, शीर्षक आणि दाखल क्रमांक यांवर ओपॅक उत्तम चालतो. सगळ्या साठ्याचे वर्गीकरण पूर्ण होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर हे काम कधीच सुरू होणार नाही.

कोषाध्यक्षांनी लक्षात ठेवावा असा शब्द ‘मार्क २१’ हा आहे. ग्रंथनोंदीची ही जगभर मान्य असलेली मांडणी आहे. आमच्या संस्थेने एकदा एका खासगी पुरवठादाराची आज्ञावली घेतली होती. ती बदलायची वेळ आली तेव्हा नोंदी या मांडणीत बाहेर काढून देण्याची अट करारात नसल्याचे आढळले, आणि हजारो नोंदी पुन्हा टंकलिखित कराव्या लागल्या. कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी ती अट लिहून घ्या. बारकोड पुरेसा असताना आरएफआयडीच्या, म्हणजे पुस्तकाला चिप लावून ते रेडिओलहरींनी ओळखण्याच्या यंत्रणेच्या, खर्चात आपल्या आकाराच्या वाचनालयाने पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रंथसखी

‘चालतो’ हे खरे, परंतु शोधात सापडलेले पुस्तक कपाटातून काढून द्यायचे असते, आणि ते बोधांकाशिवाय कोणी काढायचे? मुक्तद्वार पद्धत असेल, म्हणजे वाचक स्वतः कपाटांमधून फिरत असतील, तर वर्गीकरण टाळता येत नाही. तडजोड म्हणून नवी पुस्तके आणि सर्वाधिक देवघेव होणारे विभाग आधी घ्यावेत. कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावल्या तरी कोणाचे काही बिघडत नाही.

कोथरूडकर

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. बदल अर्जाची चौकशी केली; तो अद्याप दाखलच झालेला नाही. आणखी एकच शंका. गच्चीखालच्या खोलीत वाळवी लागलेल्या आणि पाने सुटलेल्या पुस्तकांचे ढीग आहेत. सभासद म्हणतात, रद्दीत घाला. फाइलमध्ये ‘निर्लेखन’ असा शब्द आहे. तो यालाच लागू होतो का?

जुने दप्तर

यालाच लागू होतो. निर्लेखन म्हणजे पुस्तक रीतसर ठराव करून संस्थेच्या साठ्यातून कमी करणे, आणि म्हणूनच रद्दीवाल्याला तूर्त थांबवा. आधी साठा पडताळणी करा, म्हणजे दाखल नोंदवही पुढे ठेवून प्रत्येक क्रमांकाचे पुस्तक कपाटात, वाचकाकडे की बांधणीला आहे ते तपासा. त्यातून गहाळ, जीर्ण आणि कालबाह्य अशा तीन याद्या निघतील. त्या एकत्र करू नयेत, कारण गहाळ पुस्तकांबाबत प्रथम वसुलीचा प्रश्न उपस्थित होतो. यादीवर ग्रंथपाल व ग्रंथ निवड समितीचे मत घ्यावे, कार्यकारिणीत ठराव करावा, नियमांनुसार जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे प्रकरण पाठवावे, आणि त्यानंतरच नोंदवहीच्या शेरा रकान्यात ठरावाचा क्रमांक व दिनांक लाल शाईने लिहावा. निर्लेखित पुस्तकाचा दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देऊ नये. रद्दीची रक्कम पावती फाडून जमा करावी.

आणि त्या ढिगांत एकोणिसाव्या शतकातील किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीची छापील पुस्तके, जुन्या मासिकांचे बांधीव अंक निघाले, तर ती कितीही जीर्ण असली तरी निर्लेखनाच्या यादीत घालू नका. त्यांची वेगळी यादी करून शासकीय विभागीय ग्रंथालयात किंवा शहरातील एखाद्या जुन्या संशोधन संस्थेत दाखवा; जी प्रत अन्यत्र उपलब्ध नसेल तिचे स्कॅनिंग आधी करून घ्या.