'शिप ऑफ मॅजिक' पुढे वाचू का?

प्रश्न: रॉबिन हॉब यांची ही कादंबरी (१९९८) जादूच्या ओढीने घेतली, पण इथे सारखं कर्ज, हप्ते, माल. पुढे रंगते का?

प्रतिसाद: तो हिशेब गाळू नका, जादू त्यातच गुंतलीय. विझर्डवुड या जादुई लाकडाचं जहाज घेतलं की घराणं पिढ्यान् पिढ्या कर्जात. सोनं जमलं नाही तर घरातलं माणूस द्यायचं! आणि घरातल्या तीन पिढ्या डेकवर मेल्या की मगच जहाज जागं, म्हणजे सजीव होतं. अशाच एका घराण्याचा प्रमुख एफ्रॉन, त्याला शेवटच्या घटकेला उचलून जहाजावर नेतात, तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मग ते जहाज त्याच्या मुलीला, अल्थियाला, न मिळता तिच्या मेहुण्याच्या हाती जातं. माझ्या आजोबांचं दुकानही असंच जावयाकडे गेलं. आई रोज पहाटे त्याचं शटर उघडायची. अल्थियाचा संताप मला परका वाटलाच नाही.

दुसरा प्रतिसाद: राजकारणही कसदार आहे. सॅट्राप, म्हणजे तिथला राजा, जुनी सनद मोडून नव्या लोकांना जमिनी वाटतो, त्यांच्यामागून बिंगटाउनमध्ये, या घराण्यांच्या व्यापारी शहरात, गुलामगिरी शिरते.

प्रश्नकर्ती: मी नेमकी एफ्रॉनच्या आजारपणाशी थांबले होते. आज रात्रीच पुढे वाचते.