शब्दचर्चा : ‘धार्मिक शिक्षण’ म्हणजे नेमकं कोणतं शिक्षण?

अनुस्वार
शाळांत काय शिकवावं यावरून भारतात आणि अमेरिकेत जे राजकीय-धार्मिक वाद झाले, त्यांवरचे काही इंग्रजी लेख मराठीत आणायचे आहेत. मुख्य अडचण ‘रिलिजस इन्स्ट्रक्शन’ची. त्याला ‘धार्मिक शिक्षण’ म्हणायचं, तर ‘रिलिजस एज्युकेशन’ला काय म्हणायचं? एका लेखात तर पहिल्याला बंदी आहे आणि दुसऱ्याला नाही, असं सरळ वाक्य आहे. दोन्हीकडे एकच शब्द घातला की ते वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. शिवाय ‘पब्लिक स्कूल’, पालकांचा ‘ऑप्ट-आउट’ आणि उत्क्रांतीबद्दलचं ‘ओन्ली अ थिअरी’ हेही अडलं आहे.

कलमनवीस
राज्यघटनेच्या कलम २८ च्या मराठी पाठात ‘धार्मिक शिक्षण’ हाच शब्द आहे. कलम उद्धृत करत असाल तर तो बदलू नका. (हिंदी पाठात ‘धार्मिक शिक्षा’ आहे. तो मराठीत जसाच्या तसा उतरवला तर अनर्थ होईल, पण असं झालेलं छापून आलेलं दिसतं.)

मात्र कलमाची रचना नीट पाहा, कारण बातम्यांत ती हमखास विस्कटते. पहिलं उपकलम पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांबद्दल आहे. तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही, पालकांनी लेखी संमती दिली तरी नाही. दुसरं उपकलम अपवादाचं : संस्था सरकार चालवतं, पण ती अशा दाननिधीतून किंवा न्यासातून उभी राहिली आहे की ज्याच्या अटींतच धार्मिक शिक्षण आहे. तिसरं उपकलम सरकारमान्य आणि अनुदानित संस्थांचं. तिथे असं शिक्षण देता येतं, पण विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, त्याला त्यात बसवता येत नाही. ‘अज्ञान’ इथे वयाने लहान या कायदेशीर अर्थाने आहे, अडाणी या अर्थाने नाही. याच उपकलमात ‘धार्मिक उपासना’ हा वेगळा शब्दही येतो.

म्हणून ‘शाळेत धार्मिक शिक्षणाला घटनेने बंदी आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. ‘पूर्णतः’ हा शब्द गाळला की जिल्हा परिषदेची शाळा आणि अनुदानित खासगी शाळा एकाच मापाने मोजल्या जातात.

आता बंदी नेमकी कशाला? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हाच प्रश्न निघाला होता. संस्कृत पाठशाळांचं काय, अशी शंका आली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी एखाद्या धर्माच्या श्रद्धातत्त्वांची शिकवण आणि धर्माचा अभ्यास किंवा संशोधन या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने पुढे तीच वाट धरली. १९७१ च्या डीएव्ही कॉलेज खटल्यात प्रश्न होता तो विद्यापीठाच्या कायद्यात गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद असण्याचा. हा विद्याशाखीय अभ्यास आहे, धार्मिक शिक्षण नव्हे, असं न्यायालय म्हणालं. अरुणा रॉय खटल्यात एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद) २००० सालच्या अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान होतं. त्यात मूल्यशिक्षणाचा भाग म्हणून सर्व धर्मांविषयी शिकवण्याची शिफारस होती. १२ सप्टेंबर २००२ ला ती याचिका फेटाळली गेली, तीही याच फरकाच्या आधारावर.

तुमच्या वाक्यासाठी : ‘धर्मोपदेश निषिद्ध आहे, धर्मांविषयीचं शिक्षण नाही.’

पदच्छेद
‘धर्मोपदेश’ला हरकत नाही, पण मराठीत याहून सहज जोडी तयारच आहे : शिकवण आणि शिक्षण. ‘शिकवण’ ऐकणाऱ्याने ती अंगीकारावी अशी अपेक्षा त्या शब्दातच असते. आईवडिलांची शिकवण, बुद्धाची शिकवण. भूमितीची शिकवण असं कुणी म्हणत नाही. ‘धर्माची शिकवण देणं’ आणि ‘धर्मांविषयी शिक्षण देणं’ यात फरक वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

खरा घोळ षष्ठीचा आहे. ‘धर्माचं शिक्षण’ यातला ‘चं’ दोन्हीकडे झुकतो : धर्माने सांगितलेलं शिक्षण किंवा धर्म या विषयाचं शिक्षण. वादात दोन्ही बाजू हाच प्रत्यय वापरतात आणि प्रत्येक बाजू आपल्याला हवा तो अर्थ काढते. नेमकं लिहायचं तर ‘विषयी’ किंवा ‘बद्दल’ घाला. आणि ‘धर्मां’वरचा अनुस्वार (तुमच्या नावाची क्षमा मागून) विसरू नका. तो पडला की बहुवचनाचं एकवचन होतं, आणि मग कोणता धर्म हा प्रश्न लगेच उभा राहतो.

मी कधीकधी ‘धर्मदीक्षा’ असा पर्याय वाचला आहे. तो टाळावा. दीक्षा हा विधी आहे, शिकवणी नव्हे.

खडूफळा
वर्गाच्या बाजूने पाहिलं तर नाम कोणतं यापेक्षा क्रियापद कोणतं याला जास्त महत्त्व आहे. वाचन, पठण, पाठांतर, पारायण, अभ्यास हे पाच शब्द पाच वेगळ्या कृती सांगतात. पारायण उघडच धार्मिक. अभ्यास उघडच शैक्षणिक. ‘पठण’ मधोमध बसतं आणि म्हणूनच सरकारी कागदांना ते प्रिय आहे. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यावर वादळ उठलं. त्यात मनुस्मृतीतला एक श्लोक उद्धृत केला होता, आणि मनाचे श्लोक व भगवद्गीता यांच्या पाठांतराची सूचना होती. समर्थक म्हणत होते की पाठांतराने उच्चार आणि स्मरणशक्ती सुधारते, विरोधक म्हणत होते की ही मागच्या दाराने आणलेली उपासना आहे. शब्द एक, आणि तो दोघांनाही आपलाच वाटत होता.

ओळखायची खूण धड्यात शोधू नका, धड्याखालच्या स्वाध्यायात शोधा. ‘मनाचे श्लोक कोणत्या वृत्तात आहेत? गण पाडून दाखवा’ हा प्रश्न घ्या. उत्तर भुजंगप्रयात, चार य गण, ओळीत बारा अक्षरं. श्रद्धाळू आणि नास्तिक मुलाचं उत्तर एकच येईल आणि दोघांनाही सारखेच गुण मिळतील. ‘या श्लोकांनुसार आपण कसं वागलं पाहिजे?’ हा प्रश्न विचारला की तीच कविता शिकवण झाली. अधलामधला प्रश्न : ‘कवी मनाला काय करायला सांगतो?’ हा चालतो, कारण सांगणारा कवी आहे, शाळा नाही. आपल्या क्रमिक पुस्तकांतली ‘संतवाणी’ याच धाग्यावर टिकून आहे. अभंग भक्तिरचना आहे हे शिक्षक सांगतो, भक्ती कर असं सांगत नाही. निदान सांगू नये.

मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांतही शब्द जपूनच निवडलेला दिसतो : ‘सर्वधर्मसहिष्णुता’. समभावात सगळे धर्म सारखे मानणं येतं, आणि ती स्वतःच एक धर्मविषयक भूमिका आहे. सहिष्णुतेत मानण्याची सक्ती नाही, वागण्याची आहे.

अनुस्वार
स्वाध्यायाची कसोटी आवडली. मग परिपाठातली प्रार्थना कुठे बसते? तिथे स्वाध्यायच नसतो.

कलमनवीस
तिथे ‘शिक्षण’ हा शब्द सोडून ‘उपासना’ या शब्दाकडे जावं लागतं. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेत ‘असतो मा सद्गमय’ आहे. त्याला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये घटनापीठाकडे सोपवण्यासाठी पाठवली. वचन उपनिषदातलं आहे म्हणून ते धार्मिक, की सत्याकडे ने एवढंच म्हणतं म्हणून सार्वत्रिक, हा तिथला पेच.

याच्याशेजारी १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला ठेवा. केरळातल्या एका शाळेतली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं गेलं आणि न्यायालयाने परत घ्यायला लावलं. लिहिताना ‘राष्ट्रगीताला विरोध’ असं लिहू नका. ‘गाण्यास नकार’ हेच अचूक. उभं राहणं आणि गाणं यांतल्या फरकावरच तर निकाल उभा आहे.

आता ‘ऑप्ट-आउट’. याला ‘सूट’ हा शब्द पुरे : ‘पालकांना पाल्यासाठी सूट मागता येईल’. ‘बहिष्कार’ किंवा ‘माघार’ नको. पण ‘संमती’ आणि ‘सूट’ यांची अदलाबदल मात्र मुळीच होऊ देऊ नका. संमतीच्या व्यवस्थेत पालक गप्प राहिला तर मूल बाहेर असतं, सूट देण्याच्या व्यवस्थेत पालक गप्प राहिला तर मूल आत असतं. कलम २८(३) संमती मागतं. ‘हरकत असल्यास चार दिवसांत कळवावे’ अशी चिठ्ठी पाठवली की कागदावर पालकांना विचारल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात संमतीची सूट झालेली असते.

अमेरिकेतलं ताजं उदाहरण सूट देण्याचं आहे. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तिरेखा असलेली गोष्टींची पुस्तकं प्राथमिक वर्गांत आली. सुरुवातीला पालकांना सूट होती, नंतर ती काढून घेतली. मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले, आणि २७ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, खटला चालू असेपर्यंत पूर्वसूचना आणि सूट द्यावी, असा कौल दिला. बऱ्याच ठिकाणी ‘पुस्तकांवर बंदी’ असं आलं. चूक आहे. पुस्तकं वर्गात राहिली, काही मुलं त्या तासाला बाहेर राहू शकतील एवढंच.

खडूफळा
गप्प राहिल्यावर काय होतं, याचा आपल्याकडचा नमुना भाषेच्या वादात मिळतो. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ‘अनिवार्य’ होती. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. म्हणजे सक्ती गेली का? दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवायला हवी, अशी अट होती. लहान शाळेत अख्ख्या वर्गाचा पटच वीसपर्यंत पोचत नाही. ‘सर्वसाधारणपणे’ हे क्रियाविशेषण तिथे ‘अनिवार्य’चंच काम करणार होतं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाल्याचं जाहीर झालं.

पदच्छेद
‘पब्लिक स्कूल’ थोडक्यात. इंग्लंडमधलं जुनं महागडं खासगी विद्यालय असेल तर ‘पब्लिक स्कूल’ तसंच ठेवा. भारतातल्या शाळांच्या नावात असेल तर ते फक्त नाव आहे, शाळा बहुधा खासगीच असते. अमेरिकेतली असेल तर ‘सरकारी शाळा’. ‘सार्वजनिक शाळा’ चुकीचं नाही, पण ‘सार्वजनिक’ म्हटलं की मराठी कानाला गणपती आधी आठवतो. फक्त एकदा खुलासा करा की तिथे शाळा चालवतं ते स्थानिक शाळा मंडळ, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं. त्याशिवाय तिथली भांडणं मंडळाच्या निवडणुकीत का उतरतात ते कळत नाही.

‘ओन्ली अ थिअरी’ मात्र खरंच गंमतीचं आहे. ‘उत्क्रांती हा केवळ सिद्धान्त आहे’ असं भाषांतर सर्रास दिसतं आणि ते फसतं, कारण मराठीत सिद्धान्त म्हणजे सिद्ध झालेला निष्कर्ष. पायथागोरसचा सिद्धान्त. मग ‘केवळ’ कशाला? इंग्रजीत तो शब्द शास्त्रात एका अर्थाने आणि बोलण्यात ‘अंदाज’ या अर्थाने चालतो, आणि आक्षेप घेणारे त्याच दुहेरीपणावर भिस्त ठेवतात. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरमध्ये शाळा मंडळाने नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवायला चार परिच्छेदांचं निवेदन दिलं होतं, त्यातही हीच चाल होती. विज्ञान शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, प्रशासकांनी वाचलं, आणि २० डिसेंबर २००५ ला न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवलं. आक्षेपकाच्या तोंडी वाक्य असेल तर ‘उत्क्रांती ही नुसती अटकळ आहे’ असं लिहा, आणि उत्तर देणाऱ्या वैज्ञानिकाच्या तोंडी ‘सिद्धान्त’ ठेवा. शब्दाचा खेळ जातो हे मान्य, पण तो मराठीत नाहीच.

त्याच लेखांत ‘इंटेलिजंट डिझाइन’ येईल, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हा दावा. ‘बुद्धिमान रचना’ नको, रचना काही बुद्धिमान नसते. ‘बुद्धिपुरस्सर रचना’ म्हणा. आणि ‘उत्क्रांतिवाद’ टाळता आला तर टाळा. ‘-वाद’ लागला की ती मार्क्सवाद-गांधीवादाच्या पंगतीला जाऊन बसते, जणू पटली तर घ्यावी. ‘निर्मितिवाद’ला (सृष्टी देवाने निर्माण केली, या मताला) मात्र ‘वाद’ शोभतो.

कलमनवीस
एक भर. ‘डार्विन अभ्यासक्रमातून हद्दपार’ अशी शीर्षकं २०२३ मध्ये आली होती. अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे तीन थर आहेत. आराखड्यासह एकूण योजना तो अभ्यासक्रम, विषयवार घटकांची यादी तो पाठ्यक्रम, हातातलं ते पाठ्यपुस्तक. हिंदीत पहिल्याला ‘पाठ्यचर्या’ आणि दुसऱ्याला ‘पाठ्यक्रम’ म्हणतात, त्यामुळे दिल्लीच्या कागदांवरून लिहिताना गोंधळ होतो. एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला. म्हणून ‘दहावीच्या पुस्तकातून वगळला’ हे बरोबर. हे सौम्य करून सांगणं नव्हे. विज्ञान सगळ्यांना सक्तीचं असतं ते दहावीपर्यंतच, तेव्हा अचूक वाक्यातला आक्षेपच जास्त बोचरा आहे.

या कपातीला एनसीईआरटीचा शब्द ‘रॅशनलायझेशन’. मराठीत ‘सुसूत्रीकरण’ रूढ झालं आहे. परिषदेचं म्हणणं सांगताना तो अवतरणात ठेवा, स्वतःच्या निवेदनात ‘वगळणे’ वापरा. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी जून २०२३ मध्ये राज्यशास्त्राच्या पुस्तकांवरून मुख्य सल्लागार म्हणून आपली नावं काढा अशी मागणी केली, ती याच कपातीमुळे. त्या बातमीत ‘सुसूत्रीकरणाचा निषेध’ लिहिलं तर वाचकाला कळणारच नाही की सूत्र जुळवण्याचा निषेध कुणी का करेल.

अनुस्वार
आभार. शेवटचं एक : ‘सेक्युलर एज्युकेशन’ला निधर्मी, धर्मनिरपेक्ष की पंथनिरपेक्ष?

पदच्छेद
उद्देशिकेच्या मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’. मराठी लेखात ‘धर्मनिरपेक्ष शिक्षण’ लिहा. ‘निधर्मी’ बोलण्यात चालतं, पण ते धर्म नसलेल्या माणसालाही लागतं आणि लेखातला विरोधी पक्ष नेमका तोच अर्थ पकडून बसेल. अवतरणात कुणी ‘पंथनिरपेक्ष’ म्हटलं असेल तर मात्र बदलू नका, तो शब्द निवडण्यातच त्या वक्त्याची भूमिका असू शकते.