१६ व्या वर्षी टॅटू? तुमचे (किंवा तुमच्या पोरांचे) अनुभव सांगा

आळूवडी

लेक अकरावीत आहे, १६ पूर्ण होऊन चार महिने झालेत. गेल्या रविवारी पोहे खाताना एकदम म्हणाली, आई मला मनगटावर टॅटू करायचाय, छोटासाच, अडीच इंच. नवरा पोह्यांवर लिंबू पिळत होता तो पिळतच राहिला. मी म्हटलं, अडीच इंच छोटा कसा गं, मनगट केवढं तुझं! तर म्हणाली म्हणजे साइज कमी केली तर चालेल ना? (वकील होईल ही.)

मी सवयीनं नाही म्हटलंच, अजून वय नाही तुझं वगैरे. त्यावर तिनं सरळ सासूबाईंचा हात धरून पुढं केला. त्यांच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलंय आणि हनुवटीवर तीन ठिपके. आजी, तुझं किती वर्षांची असताना केलं? सासूबाई म्हणाल्या सात, नाहीतर आठ असेन. आणि परत पोहे खायला लागल्या. झालं, माझा सगळा मुद्दाच आडवा.

म्हणून हा धागा. तुम्ही किंवा घरातल्या कुणी अठराच्या आत-बाहेर केला असेल तर कुठं केला, काय केला, पुढं काय झालं ते लिहा. संस्कृतीवर भाषण नको प्लीज, ते घरी मुबलक उपलब्ध आहे.

ऱ्हस्व इ

माझा आयडी बघून कळलं असेलच. मी १७ चा, बारावीत, मित्राच्या गावच्या जत्रेला गेलो होतो. तिथं पाळण्याच्या शेजारी एक जण मशिन घेऊन बसलेला, समोर पुठ्ठ्यावर नमुने, बदाम, विंचू, त्रिशूळ, ओम. पाच मिनिटात काम. मी म्हटलं हातावर 'आई' काढा. भाऊंनी 'आइ' काढलं. ऱ्हस्व. मला तेव्हा दिसलंच नाही कारण हात सुजलेला आणि मित्र पुढं भेळ खायला चाललेले.

आता गंमत म्हणजे आमच्या मातोश्री मराठीच्या शिक्षिका, शाळेत ३० वर्षं शुद्धलेखन तपासलेल्या. आठवडाभर फुल बाह्या घालून फिरलो, मग एका सकाळी बनियनवर सापडलो. मला वाटलं आता रडारड होणार. तिनं चष्मा लावला, हात उजेडाकडं वळवला आणि म्हणाली, "आधी ही ई दीर्घ करून ये, मग बाकीचं बोलू."

आणि खरंच पुढच्या महिन्यात स्वतः घेऊन गेली, डेक्कनला चांगल्या ठिकाणी. इ च्या डोक्यावर तो आकडा चढवायचा एवढंच काम, पण त्या माणसानं आधी विचारलं जत्रेत सुई बदलली होती का. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. माझ्या आधी तिथं चार जण बसून गेलेले आणि सुई तीच, शाईची वाटी पण तीच. मग हेपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही सगळ्या टेस्टा, आणि काही इन्फेक्शन लगेच दिसत नाहीत म्हणून तीन महिन्यांनी परत. सगळं निगेटिव्ह आलं, पण ते तीन महिने आई रात्री उठून पाणी प्यायची ते मला ऐकू यायचं.

नऊवारी

वय ७१, नातवानं टाइप करायला शिकवलंय, चुका सांभाळून घ्या. आळूवडी, तुमच्या सासूबाईंसारखंच माझं. आमच्याकडं गोंदणारीण सुगीनंतर यायची. दिव्याची काजळी कसल्याशा पाल्याच्या रसात कालवायची, दोन-तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. मला चुलतीनं मांडीत घट्ट धरलेलं, ओरडले तर गोंदणारीण गाणं मोठ्यानं म्हणायची. वरून हळद. तिला सूपभर ज्वारी आणि जुनं लुगडं दिलं. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं असं सांगायच्या सगळ्या.

मला कुणी विचारलं नव्हतं हो. पुढं पुण्यात आल्यावर कपाळावरचं गोंदण मी २० वर्षं मोठ्या कुंकवाखाली झाकलं, कारण ऑफिसातल्या बायका गावाकडची म्हणायच्या. आता नात म्हणते आजी कसली भारी दिसतेस. तुमची मुलगी निदान विचारतेय तरी.

खडकवासला चौपाटी

हे नक्की वाचायला द्या तिला. मला आठवीपासून एनडीएत जायचं होतं. घर धायरीत, सायकलवर खडकवासल्याला जाऊन लांबून तो घुमट बघायचो. १७ व्या वर्षी उजव्या खांद्यावर राजमुद्रा काढून घेतली, मागं पिवळे किरण वगैरे, ढोलपथकातल्या तिघांनी एकदमच केली. वाटलं फौजेत जाणाऱ्या पोराच्या अंगावर याच्याहून चांगलं काय असणार.

फॉर्म भरताना मेडिकलचे नियम नीट वाचले तेव्हा पायाखालची जमीन गेली. कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. बाकी अंगावर कुठंही असला तर नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असेल तर सूट आहे, ती मला लागू नाही. काय काढलंय हा प्रश्न पुढचा, आधी कुठं काढलंय ते बघतात.

मग लेझर. एका बैठकीत जात नाही, मध्ये सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं कारण फुटलेली शाई शरीरानं हळूहळू वाहून न्यायची असते. रबरबँड ताणून सोडल्यासारखं लागतं, पण सलग, आणि नंतर फोड. काळी शाई बऱ्यापैकी उतरली, पिवळे किरण मात्र जायला तयार नाहीत, पिवळा आणि हिरवा चिवट असतात म्हणे. सात बैठका झाल्या. एनडीएसाठी वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. माझे साडेएकोणीस पाचव्या बैठकीनंतर झाले.

आता आयटीत आहे, हिंजवडी. बरं चाललंय. ज्या मुलांना वर्दीत जायचं आहे त्यांनी खांदा-पाठ-मान-छाती सोडा रे.

अर्धा कप

बापरे. एवढं कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझं छोटं आहे, १८ व्या वाढदिवसाला कानामागं चंद्रकोर, तेव्हापासून कॉलेजच्या रक्तदान शिबिरात दरवर्षी पहिला नंबर लावायचं ठरवलेलं, गेले तर फॉर्मवरच प्रश्न, टॅटू केव्हा केला. १२ महिने रक्त देता येत नाही. परत पाठवलं, बिस्किट पण नाही दिलं :( पुढच्या वर्षी दिलं मग.

सुईदोरा

मी टॅटू आर्टिस्ट आहे, पुण्यातच, स्टुडिओचं नाव लिहीत नाही नाहीतर जाहिरात वाटेल. ११ वर्षं झाली या धंद्यात. अठराच्या आतल्यांना मी करत नाही, आईबाबा सोबत आले तरी नाही. काही जण पालकांची सही घेऊन करतात, तो त्यांचा प्रश्न.

दारात आधार कार्ड बघतो. त्यावर पोरं काय काय करतात ऐका. फोनवर जन्मसाल एडिट केलेला फोटो दाखवतात, म्हणून मी कार्डच मागते. एकदा एक पोरगा पालक म्हणून मामाला घेऊन आला, मामा २० चा, आणि मामाला भाच्याचं आडनाव माहीत नाही. दहावीचा निकाल लागला की आठवडाभर हेच.

नाही का म्हणते ते सांगते. कायदा आहेच, १८ च्या खालच्यानं कन्सेंट फॉर्मवर सही केली तरी करार कायद्यात तिला किंमत नाही, हा कायदा १८७२ चा आहे, मला माझ्या सीएनं पहिल्याच वर्षी बजावलंय. पण खरं कारण कातडीचं आहे. सुई एक-दोन मिलिमीटर आत जाते, वरचा थर सारखा झडत असतो म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात सोडायची. तिथं शरीरातल्या पेशी ती बाहेरची वस्तू समजून गिळतात आणि तिथंच बसून राहतात. त्या मेल्या की नव्या येऊन तीच शाई परत गिळतात. म्हणून टॅटू राहतो. पण हळूहळू रेघ पसरतेच. १६ वर्षांच्या मुलाच्या दंडावर आज काढलेला वाघ, तो पुढं जिमला गेला की वेगळाच प्राणी दिसतो.

मुलींना सगळ्यांना आत्ता फाइन लाइन हवं असतं, केसाएवढी रेघ, आणि त्यात इंग्रजी वाक्य, अक्षर तांदळाच्या दाण्याएवढं. मी सांगते की दहा वर्षांनी यातल्या 'ए' चं पोट भरून जाईल, नुसता ठिपका दिसेल. ऐकत नाहीत. बोटांवर तर मी अजिबात करत नाही, भांडी घासून घासून सहा महिन्यात अर्धा उडतो, मग परत माझ्याच नावानं बोंब.

ज्यांना मी परत पाठवते त्यांना एक काम सांगते. डिझाइनचा प्रिंट काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, १८ झाल्यावर तोच कागद घेऊन या. खरंच आणणारे फार थोडे येतात. बाकीचे येतात पण डिझाइन दुसरंच असतं.

आणि कुठंही करा, सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फाडलं पाहिजे, शाई छोट्या टोपणात नवी ओतली पाहिजे, उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. ग्लोव्हज घालून फोन उचलला तर ग्लोव्हज बदलले का बघा. घरी गेल्यावर दोन-तीन आठवडे पोहायचं नाही, खपली ओढायची नाही. टिळक टँकवर परवा एकीला ताजा टॅटू घेऊन उतरताना बघितलं, मलाच कसंतरी झालं.

लेस्टरची कोथरूडकर

इकडं इंग्लंडमध्ये प्रश्नच मिटवलाय, १९६९ चा कायदा आहे, अठराच्या आत टॅटू केला तर करणाऱ्यावर गुन्हा, आईबापांनी हो म्हटलं तरी. माझी लेक म्हणते मग सुट्टीत पुण्यात करू. सुईदोरा, तुमच्याकडंच पाठवते म्हणजे तुम्हीच हाकलाल :)

पर्वतीच्या पायऱ्या

सगळे परमनंटबद्दल बोलतायत, मी टेम्पररीचं सांगते कारण आम्ही त्यातच फसलो. मुलगा १२ चा, सोसायटीच्या आनंदमेळ्यात 'काळ्या मेंदीचा' ड्रॅगन काढून आला, म्हटलं मेंदीच तर आहे, जाईल आठ दिवसात. चौथ्या दिवशी ड्रॅगनच्या आकाराचे फोड. अगदी शेपटीसकट. स्किनवाल्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर विचारलं काळी होती ना? खरी मेंदी काळी नसतेच, लालसर-तपकिरी रंगते, काळ्या रंगासाठी त्यात केस रंगवायच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन घालतात. फोड गेले पण ड्रॅगनचा फिकट पांढरा ठसा वर्षभर होता, आणि आता त्याला हेअर डाय आयुष्यात कधीच लावायचा नाही म्हणून सांगितलंय. त्याचे बाबा ४० लाच पांढरे झालेत, तेव्हा पुढं मजाच आहे.

तुळशीबागेतली टिकली

मी उलटं सांगणार आहे, रागवू नका. मी १७ वर्षं ५ महिन्यांची असताना केला आणि १२ वर्षांत एकदाही पस्तावले नाही.

मी तीन वर्षांची असताना उकळतं दूध हातावर सांडलं होतं. कोपरापासून खाली सगळी कातडी सुरकुतलेल्या कागदासारखी. शाळेत स्वेटर, उन्हाळ्यात पण. लग्नकार्यात प्रत्येक मावशी हात धरून "अगं बाई, काय झालं गं" म्हणायची आणि दरवेळी आईचा चेहरा उतरायचा, कारण पातेलं तिनं ठेवलं होतं. टॅटूची कल्पना बाबांची. आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी डाग जुना आहे, केलॉइडची (जखमेचा वण फुगून वाढत जाण्याची) प्रवृत्ती नाही म्हणाले, मग तीन ठिकाणी फिरलो. दोघांनी नाही म्हटलं, एक वयामुळं आणि एक डागामुळं, कारण अशा कातडीत शाई सारखी बसत नाही, कुठं पिते कुठं नाही. तिसऱ्यानं आधी नखाएवढं पान काढून सहा आठवडे थांबवलं. मग दोन बैठकांत वेल काढली, जाईची. डाग लपलेला नाहीये, अजून हाताला लागतो. पण आता मावश्या विचारतात, "अगं बाई, कुठं काढलास गं?"

सहा महिने थांबले असते तर काय बिघडलं असतं? काही नाही खरं तर. पण बारावीनंतर नवीन कॉलेजात पहिल्या दिवशी हाफ बाह्यांचा कुडता घालून गेले, एफसी रोडवरून चालत, ते सहा महिने मला हवे होते.

सुईदोरा

टिकली, मी पण नाहीच म्हटलं असतं तुला. आणि त्याबद्दल आता जरा वाईट वाटतंय. तो नखाएवढ्या पानाचा माणूस कोण होता, त्याला नमस्कार.

आळूवडी

सगळ्यांचे आभार. लेकीला अख्खा धागा वाचायला दिला. ऱ्हस्व इ वर ती पाच मिनिटं हसली, खडकवासल्यावर गप्प झाली (वर्गातल्या एका मित्रानं छातीवर करायचं ठरवलंय, त्याला स्क्रीनशॉट गेलाय). टिकलीचं वाचून मला म्हणाली, बघ. मी म्हटलं तुझ्या हातावर दूध कुठं सांडलंय. हे बोलायला नको होतं, दोन तास अबोला.

सध्याचा तह असा: १८ पर्यंत थांबायचं, खर्च तिचा, जागा मनगटाच्या आतली, कपाटात कागद चिकटवलाय. मूळ डिझाइन मांजर होतं. काल बघितलं तर मांजराची शेपूट पेनानं बदललेली आणि बाजूला एक तुळशीवृंदावन काढून बघितलेलं, आजीच्या हातावरून. सासूबाईंना ते दाखवलं तर म्हणाल्या कट्टा चुकलाय, चार पायऱ्या असतात, आणि स्वतःचा हात पुढं केला, पण त्यांचं इतकं पसरलंय की पायऱ्या मोजताच येईनात. दोघी भिंग घेऊन बसल्यात.

मी इकडं तिचं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधतेय, हेपॅटायटिस बी चे सगळे डोस झालेत का बघायला. सापडत नाहीये.