गाठ स्वादुपिंडाच्या कुठल्या भागात आहे?
ताई, मामांचं ऑपरेशन दुर्बिणीतूनच व्हावं म्हणून कोल्हापूर सोडून मुंबई गाठायची का, असं तुम्ही विचारलंय. आधी रिपोर्टमध्ये बघा, गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे आहे की शेपटीकडे.

शेपटीकडे असेल तर दुर्बीण चांगला पर्याय आहे. दोन्ही पद्धतींची रुग्णांवर तुलना करणाऱ्या २०२३ च्या ‘डिप्लोमा’ नावाच्या चाचणीत, कडेला कर्करोग न उरता गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण दुर्बिणीत ७३ टक्के, पोट उघडून ६९ टक्के होतं.

डोक्याकडे असेल तर व्हिपल नावाचं मोठं ऑपरेशन करावं लागतं. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा पहिला भाग, पित्तनलिकेचा भाग, पित्ताशय सगळं काढून उरलेले भाग पुन्हा जोडायचे. तिथे मला दुर्बिणीचा हट्ट अजिबात पटत नाही. नेदरलँड्समधली, याच ऑपरेशनसाठी दोन्ही पद्धतींची तुलना करणारी ‘लेपर्ड-२’ चाचणी मध्येच थांबवावी लागली. सर्जन प्रशिक्षित होते, तरी ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ जण दगावले, पोट उघडून केलेल्या गटात ४९ पैकी १. आकडे लहान आहेत, फरक संख्याशास्त्राने पक्का ठरला नाही, पण माझ्या घरचं माणूस असतं तर मी धोका घेतला नसता.

सर्जनना स्पष्ट विचारा: वर्षाला किती व्हिपल करता? जोड गळला किंवा रात्री रक्तस्राव झाला तर आयसीयू आणि रेडिओलॉजिस्ट तयार असतात का? उत्तरं पटली तर कोल्हापुरातच, पोट उघडून करून घ्या.