शब्दचर्चा: ‘सारा, डचेस ऑफ यॉर्क’मधला स्वल्पविराम मराठीत कसा आणायचा?

अनुवादू:
दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत करते आहे. विषय सारा फर्ग्युसन, म्हणजे राणी एलिझाबेथचा मुलगा, तेव्हाचा यॉर्कचा ड्यूक अँड्र्यू, त्याची घटस्फोटित बायको. तिच्या भानगडी छापून आल्या की बकिंगहॅम पॅलेस काय करतो, असा एकूण रोख. अडलं ते एका स्वल्पविरामापाशी. १९८६मध्ये लग्न झालं तेव्हा ती ‘द डचेस ऑफ यॉर्क’ झाली. मे १९९६मध्ये घटस्फोट झाल्यावर ‘हर रॉयल हायनेस’ गेलं आणि उरलं ‘सारा, डचेस ऑफ यॉर्क’. आधी नाव, मग स्वल्पविराम, मग किताब, ही तिकडे घटस्फोटितेची खूण. ‘डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स’ तसंच. मराठीत ‘यॉर्कच्या डचेस सारा’ लिहिलं की बाई परत नांदायला गेल्यासारखी वाटते. ‘माजी डचेस’ म्हणावं तर तेही चूक, कारण ऑक्टोबर २०२५पर्यंत ते नाव ती राजरोस वापरत होती. संपादक म्हणतात, ‘माजी सून’ लिहा आणि मोकळ्या व्हा. काय करू?

पेठेतला:
‘माजी’ अरबी आहे. ‘भूतपूर्व’ हा आपला चांगला शब्द असताना उसनवारी कशाला?

खटपट्या:
काका, मग शाळेच्या आजी-माजी विद्यार्थी मेळाव्याला काय म्हणणार, अद्यतन-भूतपूर्व? आणि ‘भूतपूर्व सून’ म्हटलं की तिच्या अंगात काही तरी होतं असं वाटतं. (दिवे घ्या.)

शुद्धमती:
‘घटस्फोटित बायको’ नव्हे, ‘घटस्फोटिता’. पण मला वेगळंच सांगायचंय. घटस्फोट हा मुळात नवराबायकोचा शब्दच नाही. धर्मशास्त्रात तो माणसाला कुळातून, जातीतून काढून टाकायचा विधी. प्रायश्चित्त घ्यायला नकार देणाऱ्या पतिताचे आप्त जमायचे, दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा आणि तो माणूस जिवंत असूनही मेला असं धरून सुतक पाळायचं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. राजघराण्याने या बाईचं जे केलं, त्याला हा जुना अर्थ जास्त लागू पडतो.

खटपट्या:
कौटुंबिक न्यायालयाच्या जिन्यावर उभं राहून हे कुणाला सांगून बघा. लोकांच्या तोंडी काडीमोड होता, फारकत होती. घडे लवंडणारे किती होते?

कोकणकडा:
शुद्धमतीताई, लागू पडत नाही. सुतक पाळलेल्या माणसाला परत नाताळच्या जेवणाला बोलावत नाहीत.

क्रमाने बघा. ऑगस्ट १९९२. नवराबायको वेगळे होऊन काही महिनेच झालेले. ही बालमोरलला, राजघराण्याच्या स्कॉटलंडमधल्या घरी, सासरच्यांबरोबर, आणि सकाळी न्याहारीला पेपर येतात, त्यात फ्रान्समधल्या सुट्टीतले फोटो: तिचा अमेरिकन आर्थिक सल्लागार तिच्या पायाची बोटं चोखतोय. राणी, फिलिप, सगळे त्याच घरात. जाहीरपणे मात्र अळीमिळी गुपचिळी. मग मे २०१०. श्रीमंत व्यापाऱ्याचं सोंग घेतलेल्या बातमीदाराकडे तिने अँड्र्यूशी गाठ घालून द्यायचे पाच लाख पौंड मागितले. टेबलावर ४०,००० डॉलरची रोकड, वर छुपा कॅमेरा. अँड्र्यू तेव्हा ब्रिटनचा व्यापारदूत. त्याच्या बाजूने खुलासा आला की त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. याला मराठीत नेमकं ‘कानांवर हात ठेवणे’ म्हणतात. माफी तिची तिने मागितली. पुढच्या वर्षी विल्यमच्या लग्नाला तिच्या मुली वऱ्हाडात आणि आईला आमंत्रण नाही. हे ‘पंगतीतून उठवणे’. पण २०१८मध्ये हॅरीच्या लग्नाला ती होती आणि २०२३च्या नाताळात सँड्रिंगहॅमला, राजाच्या गावाकडच्या घरी, सगळ्यांबरोबर चर्चला चालत गेली. शिवाय मधली कित्येक वर्षं घटस्फोटित नवऱ्याच्याच घरात, रॉयल लॉजमध्ये, मुक्काम. म्हणून ‘वाळीत टाकलं’ एवढ्याने भागत नाही. वाळीतल्याला निदान गावजेवण घालून परत येता येतं. हिला कुणी पुरतं बाहेरही काढलं नाही आणि आतही घेतलं नाही. त्यात राजवाड्याची सोय अशी की ती घराण्याचं अधिकृत काम करत नसल्याने तिच्या भानगडीवर उत्तर द्यायचं ते तिच्या प्रवक्त्याने.

अनुवादू:
कोकणकडा, तेच म्हणतेय! तो स्वल्पविराम म्हणजे हेच आहे. तो मराठीत कसा आणू?

पेठेतला:
‘हात झटकले’ लिहा.

कोकणकडा:
काका, हात झटकले ते संस्थांनी. सप्टेंबर २०२५मध्ये तिची २०११ची ईमेल बाहेर आली. आधी जेफ्री एपस्टीनला, म्हणजे लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या त्या अमेरिकन धनिकाला, जाहीरपणे लांब लोटून मग खाजगीत त्याची मनधरणी केलेली. तिच्या प्रवक्त्याने सांगितलं की त्याने अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी दिली होती म्हणून तसं लिहिलं. पण आजारी मुलांचं हॉस्पिस चालवणाऱ्या जुलियाज हाऊसने आणि टीनेज कॅन्सर ट्रस्टनेही तिला आश्रयदाता म्हणून ठेवायचं नाही असं लगेच ठरवलं. राजवाडा पुढच्या महिन्यात हलला, तोही अँड्र्यूवर. त्याने किताब वापरणं सोडलं आणि हिची ‘डचेस’ त्याच्याबरोबर गेली. नवऱ्यामुळे मिळालं, घटस्फोटानंतर २९ वर्षं टिकलं आणि त्याच नवऱ्यापायी गेलं!

शुद्धमती:
‘आश्रयदात्री’.

बडोदेकर:
उशिरा आलो. हे प्रकरण आमच्याकडे होऊन गेलंय. बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाडांनी १९४३मध्ये सीतादेवींशी दुसरं लग्न केलं, १९५६मध्ये तो संसार मोडला. बाई पुढेही पॅरिसमध्ये महाराणी ऑफ बडोदा म्हणूनच वावरल्या आणि १९८९मध्ये तिथेच वारल्या. दागिन्यांच्या कथा तर विचारू नका. पण माझी आत्या ‘महाराणी’ म्हणायची ती शांतादेवींनाच, म्हणजे पहिल्या. दुसऱ्यांचा विषय निघाला की नुसतं ‘सीतादेवी’, ना पुढे काही ना मागे. आवाजही जरा सपाट व्हायचा. तुमचा स्वल्पविराम तो हाच असावा. पहिल्यांदा ‘सारा, डचेस ऑफ यॉर्क’ असं इंग्रजी धाटणीत लिहा, एका वाक्यात खुलासा करा आणि पुढे नुसतं ‘सारा’.

खटपट्या:
+१. सौ. काढून श्रीमती लावतो तसं.

शुद्धमती:
श्रीमती घटस्फोटितेचं नाही. श्रीमती कुठल्याही बाईला लावता येतं. विधवेला लावायची पद्धत पडली म्हणून तो अर्थ झाला असं होत नाही.

खटपट्या:
पद्धत पडली म्हणूनच अर्थ होतो की! मग तुमचा घडा अजून का लवंडला नाही?

बडोदेकर:
माझ्या बहिणीच्या घटस्फोटानंतर आमंत्रणपत्रिकेवर काय छापायचं यावरून घरात भांडण झालं होतं. शेवटी काकांनी तिच्या नावाआधी ‘डॉ.’ छापलं. ती बीएचएमएस आहे.

अनुवादू:
पण ‘माजी सून’चं काय करू? संपादक अडून बसलेत.

पेठेतला:
मघाशी कुणी फारकत म्हणालं. तो तरी आपला. ‘फरक’वरून आलेला, दोघांत फरक पडला की फारकत.

खटपट्या:
काका, ‘फरक’ही अरबीच, आणि फारकत त्यावरून नाहीच. जुना शब्द ‘फारखत’. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे कागद. देणं फिटल्यावर सावकाराने लिहून द्यायचा तो कागद. बायकोलाही तसाच लिहून द्यायचे. संपादकांचं ‘मोकळ्या व्हा’ तिथूनच आलं बघा!

पेठेतला:
याला पुरावा?

कोकणकडा:
पुरावा फारखतचा मागताय की संपादकांचा? बरं, अरबीचा विषय निघालाच आहे तर ‘नामुष्की’ सांगा. नामूस म्हणजे अब्रू. मग नामुष्की म्हणजे बेअब्रू कशी झाली? वेगळा धागा काढू का?

पेठेतला:
काढा. पण ‘मानहानी’ असताना नामुष्की हवीच कशाला?